विद्युत बल एवढे प्रबळ असताना चंद्र-पृथ्वीच्या गणितात ते का धरत नाहीत?

प्रश्न – विज्ञान शिक्षिका, माध्यमिक शाळा (नाशिक जिल्हा)

नमस्कार. मी नववी आणि दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात वर्गात एक प्रश्न निघाला. त्याचे मी दिलेले उत्तर मला घरी आल्यावर पटेनासे झाले. ते चुकीचे असेल तर मुलांसमोर दुरुस्त करणे माझे कर्तव्य आहे, म्हणून सगळा प्रसंग सविस्तर लिहीत आहे.

गुरुत्वाकर्षणाचा नियम शिकवून झाला होता. वैश्विक गुरुत्व स्थिरांक किती लहान आहे हे मुलांच्या मनावर ठसावे म्हणून मी त्यांना एक उदाहरण सोडवायला दिले : प्रत्येकी ५० किलोग्रॅम वस्तुमानाच्या दोन मुली एकमेकींपासून १ मीटर अंतरावर उभ्या असतील, तर त्यांच्यातील गुरुत्वीय बल किती? उत्तर एका न्यूटनच्या सुमारे साठ लाखाव्या भागाइतके आले. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने वहीच्या पानाचे बारीक तुकडे केले, दप्तरातला प्लॅस्टिकचा कंगवा केसांवरून सात-आठ वेळा फिरवला आणि तुकड्यांवर धरला. तुकडे टपाटप उडून कंगव्याला चिकटले. हा प्रयोग मुलांनी सातवीतच केलेला असतो, पण तिने त्यावर जे विचारले ते मला नवीन होते. ती म्हणाली, "बाई, खालून अख्खी पृथ्वी कागद ओढते आहे आणि वरून एवढासा कंगवा. तरी कागद कंगव्याकडे गेला. म्हणजे विजेचे बल खूपच मोठे. मग चंद्र गुरुत्वाकर्षणामुळेच पृथ्वीभोवती फिरतो, विजेच्या बलामुळे नाही, हे कशावरून?"

मी उत्तर दिले की विद्युत बल फक्त अगदी जवळच्या अंतरावर चालते आणि गुरुत्वीय बल लांबपर्यंत पोहोचते. पुरावा म्हणून कंगवा वीतभर वर धरून दाखवला, तेव्हा एकही तुकडा हलला नाही आणि वर्गाचे समाधान झाले. घरी येऊन अकरावीचे पुस्तक उघडले, तर दोन विद्युत प्रभारांमधील बल सांगणाऱ्या कूलोमच्या नियमातही बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणातच बदलते असे दिलेले आहे. दोन्ही बले अंतरानुसार एकाच रीतीने कमी होत असतील, तर एक जवळचे आणि दुसरे लांबचे असे कसे म्हणता येईल? आणि तसे नसेल, तर वीतभर अंतरावरून कागद का हलला नाही? माझे नेमके कुठे चुकले, हे कृपया सांगावे.

उत्तर १ – भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, कनिष्ठ महाविद्यालय

नमस्कार मॅडम. आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न फार मोलाचा आहे. आपण दिलेले उत्तर दुरुस्त करावे लागेल, कारण विद्युत बलाचा पल्ला गुरुत्वीय बलापेक्षा तसूभरही कमी नाही. तरीही आपण वर्गात जे दाखवले ते खरेच घडते, म्हणून आधी त्याचा उलगडा करतो.

कागदाचा तुकडा विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. त्यात धनप्रभार आणि ऋणप्रभार अगदी सारखे असतात. कंगव्यावर ऋणप्रभार आहे असे धरले, तर तो कागदातील धनप्रभाराला ओढतो आणि ऋणप्रभाराला ढकलतो. त्यामुळे कागदाच्या कंगव्याकडील बाजूला थोडा धनप्रभार आणि पलीकडील बाजूला तेवढाच ऋणप्रभार येतो. जवळची बाजू ओढली जाते, दूरची ढकलली जाते, आणि आपल्याला दिसते ते या दोहोंतील उरलेले बल असते. कूलोमचा नियम दोन प्रभारांमधील बलाचा आहे, वजाबाकीतून उरलेल्या बलाचा नाही.

हे आकड्यांत मांडून पाहा. फळ्यावर दहा मिनिटांत होते. कंगव्यावरील प्रभार एका बिंदूत आहे असे समजा, कागदाची जवळची बाजू त्यापासून २ सेंटिमीटरवर आणि दूरची बाजू २.१ सेंटिमीटरवर आहे असे धरा. जवळच्या बाजूवरील आकर्षण १०० मानले, तर व्यस्त वर्गाच्या नियमाने दूरच्या बाजूवरील प्रतिकर्षण ९०.७ येते. उरले ९.३. आता अंतर दुप्पट करा. ४ सेंटिमीटरवरील आकर्षण २५ होते, ४.१ सेंटिमीटरवरील प्रतिकर्षण २३.८ होते, आणि उरते केवळ १.२. प्रत्येक बल नियमाप्रमाणे चौथ्या भागावर आले, पण त्यांची वजाबाकी जवळजवळ आठव्या भागावर आली. शिवाय कागदातील प्रभार बाजूला सरकले होते तेही कंगव्याच्याच प्रभावाने. तो प्रभाव चौथा भाग झाल्यावर सरकलेला प्रभारही चौथ्या भागाइतकाच राहतो. म्हणून १.२ चे ०.३ होतात. अंतर फक्त दुप्पट झाले आणि ९.३ वरून बल ०.३ वर, म्हणजे सुमारे तिसाव्या भागावर आले. कंगवा बिंदूसारखा नसून लांबट असल्याने प्रत्यक्षातील घट याहून काहीशी कमी असेल, पण वीतभर अंतरावर तुकडा का हलत नाही हे समजायला एवढे पुरेसे आहे.

आता चंद्र आणि पृथ्वी. विद्युत बल तिथपर्यंत पोहोचत नाही असे मुळीच नाही. पृथ्वी आणि चंद्र यांच्यापाशी शिल्लक प्रभारच नसल्यासारखा आहे, हे खरे कारण आहे. पृथ्वीतील सगळ्या प्रोटॉनांचा धनप्रभार अतिप्रचंड आहे आणि सगळ्या इलेक्ट्रॉनांचा ऋणप्रभार तेवढाच अतिप्रचंड आहे. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या प्रभारांचे परिमाण इतके तंतोतंत सारखे आहे की प्रयोगांनी तपासलेली त्यातील तफावत, असलीच तर, १० च्या २१व्या घातातील एका भागापेक्षाही कमी आहे. त्यामुळे चंद्रावरील प्रत्येक प्रोटॉनला पृथ्वीवरील इलेक्ट्रॉन जेवढे ओढतात तेवढेच पृथ्वीवरील प्रोटॉन ढकलतात, आणि एकूण हिशेब शून्यावर येतो. वस्तुमानाला असा विरुद्ध जोडीदार नाही. ऋण वस्तुमान कोणाला कधी आढळलेले नाही. म्हणून एकेका कणाचे गुरुत्वीय आकर्षण नगण्य असले तरी ते साठत जाते, त्यातून काहीही वजा होत नाही.

हा समतोल किती नाजूक आहे ते सांगणारे एक गणित मी अकरावीच्या मुलांना देत असे. चंद्र आणि पृथ्वी यांच्यातील गुरुत्वीय आकर्षण विद्युत प्रतिकर्षणाने पूर्णपणे रद्द करायचे असेल, तर प्रत्येकावर किती सजातीय प्रभार हवा? उत्तर सुमारे ५७ लाख कोटी कूलोम (कूलोम हे प्रभाराचे एकक) येते. आकडा भयंकर वाटतो, पण तेवढ्या प्रभारासाठी लागणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे वस्तुमान काढले तर ते प्रत्येकी सुमारे ३२५ किलोग्रॅम भरते. एका मालवाहू रिक्षात मावेल एवढ्या वजनाचे इलेक्ट्रॉन पृथ्वीवरून आणि तेवढेच चंद्रावरून काढून नेता आले असते, तर चंद्र पृथ्वीच्या बंधनातून सुटला असता. प्रत्यक्षात पृथ्वीच्या पृष्ठभागावर थोडा ऋणप्रभार असतो, पण तो सुमारे पाच लाख कूलोम एवढाच आहे आणि वातावरणातील धनप्रभार त्याची भरपाई करतो. ५७ लाख कोटींपुढे पाच लाख म्हणजे काहीच नाही. म्हणून चंद्राच्या गणितात आपण विद्युत बल सोडून देतो.

उत्तर २ – विज्ञान शिक्षक, रत्नागिरी जिल्हा

सरांनी सिद्धान्त इतका स्वच्छ मांडला आहे की त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे नाही. मी प्रयोगाबद्दल लिहितो, कारण आमच्याकडे हा प्रयोग जून ते सप्टेंबर या काळात बहुतेक वेळा फसतो, आणि मग मुले नियमच खोटा समजतात. हवा दमट असली की कंगव्याच्या पृष्ठभागावर ओलावा धरतो आणि प्रभार त्यावरून निघून जातो. केसांना तेल असेल तर प्रभार तयारच होत नाही. मी हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीत, सकाळच्या कोरड्या हवेत करतो. पावसाळ्यात करावाच लागला, तर प्लॅस्टिकची पट्टी आणि लोकरी कापड दोन्ही उन्हात किंवा गरम तव्याच्या जवळ धरून चांगली सुकवून घेतो.

एक बारकावा मुलांना मुद्दाम बघायला लावावा. कंगव्याला चिकटलेले काही तुकडे क्षणभर थांबतात आणि मग जोरात फेकले जातात, नुसते गळून पडत नाहीत. कंगव्याला स्पर्श झाल्यावर त्या तुकड्याकडे कंगव्याचाच प्रभार आलेला असतो आणि सजातीय प्रभार एकमेकांना ढकलतात. गुरुत्वाकर्षणाच्या संपूर्ण प्रकरणात असे ढकलणे कुठेही येत नाही. दोन बलांमधला सर्वांत मोठा फरक त्या उडालेल्या कपट्यात डोळ्यांना दिसतो.

दुसरा प्रयोग घरातील पिठाच्या चाळणीचा. कागदाचे कपटे टेबलावर ठेवा, त्यांवर पितळेची किंवा स्टीलची जाळीची चाळण पालथी घाला, चाळणीला एका हाताने स्पर्श करून ठेवा आणि दुसऱ्या हाताने प्रभारित पट्टी जाळीच्या वर आणा. आतले कपटे जागचे हलत नाहीत. चाळण काढली की त्याच अंतरावरून ते उडतात. धातूमध्ये प्रभार मोकळेपणाने सरकतात आणि आतल्या जागेपुरता बाहेरच्या पट्टीचा प्रभाव रद्द करतात. फॅरडेने १८३६ मध्ये धातूच्या पत्र्याने मढवलेली खोली उभारून हेच दाखवले होते. आता मुलांना विचारा की चाळणीखाली कपट्यांचे वजन कमी झाले का. पृथ्वीचे आकर्षण अडवणारी चाळण जगात नाही, कारण अडवायला विरुद्ध प्रकारचे वस्तुमान लागेल.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर, मनापासून आभार. २ आणि ४ सेंटिमीटरचे गणित मी स्वतः वहीत करून पाहिले आणि चूक कुठे झाली ते लख्ख कळले. उदासीन कागदावरचे बल पाहून मी दोन प्रभारांमधील बलाबद्दल निष्कर्ष काढला होता. चाळणीचा प्रयोगही घरी करून पाहिला. माझ्याकडची चाळण स्टीलची आहे, हात लावून ठेवला तेव्हा कपटे हलले नाहीत.

आता एक शंका उरते. "विद्युत बल गुरुत्वीय बलापेक्षा अमुक पट मोठे" असे वाक्य अनेक ठिकाणी असते आणि प्रत्येक ठिकाणी आकडा वेगळा असतो. कुठे १० चा ३६वा घात, कुठे ३९वा, कुठे ४२वा. मुलांना कोणता सांगावा?

उत्तर ३ – भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक

तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या जोड्यांचे आहेत. दोन प्रोटॉन घेतले तर गुणोत्तर १० च्या ३६व्या घाताच्या सुमारे सव्वा पट येते, एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन घेतले तर ३९व्या घाताच्या सव्वादोन पटींहून किंचित जास्त येते, आणि दोन इलेक्ट्रॉन घेतले तर ४२व्या घाताच्या चौपटीहून थोडे जास्त येते. प्रभाराचे परिमाण तिन्ही ठिकाणी तेच, वस्तुमान मात्र बदलते. अंतर कितीही घेतले तरी गुणोत्तर बदलत नाही, कारण दोन्ही सूत्रांत अंतराचा वर्ग छेदात आहे आणि भागाकारात तो निघून जातो. दोन्ही बलांचा पल्ला सारखा असल्याचे यापेक्षा सोपे दर्शन मला माहीत नाही. म्हणून आकड्याबरोबर कणांची नावे सांगितलीच पाहिजेत. ती न सांगता केलेली तुलना अर्धवट राहते. प्रभार आणि वस्तुमान या दोन वेगळ्या राशी आहेत, "एक कूलोम मोठा की एक किलोग्रॅम मोठा" या प्रश्नाला उत्तर नसते.

मुलांना एकच उदाहरण द्यायचे असेल, तर मी वाळूच्या कणाचे देईन. अगदी बारीक वाळूचे, साधारण ०.११ मिलिमीटर व्यासाचे दोन कण घ्या. प्रत्येकाचे वस्तुमान १.९ मायक्रोग्रॅमच्या आसपास असते, आणि प्रत्येकात ५० हजार लाख कोटींहून अधिक अणू असतात. या दोन कणांतील सगळ्या अणूंचे मिळून जेवढे गुरुत्वीय आकर्षण होते, तेवढेच विद्युत प्रतिकर्षण प्रत्येक कणावर फक्त एकेक जादा इलेक्ट्रॉन ठेवला की निर्माण होते. एकीकडे ५० हजार लाख कोटी अणू आणि दुसरीकडे एक इलेक्ट्रॉन, आणि तराजू समतोल. आपल्या विद्यार्थिनीने कंगव्याने जे दाखवले तेच हे आहे. कंगव्यावर जादा इलेक्ट्रॉनांची संख्या कोट्यवधींच्या घरात असते.

उत्तर ४ – अकरावी-बारावीचे अध्यापक, पुणे

चर्चा वाचून दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

पहिली गोष्ट त्वरणाची आहे. दोन्ही सूत्रे दिसायला जुळी असल्यामुळे अकरावीला आलेली मुले कूलोमचा नियम हा जणू गुरुत्वाकर्षणाचाच नियम अक्षरे बदलून लिहिला आहे असे समजतात, आणि मग प्रभारित कणाच्या उदाहरणात वस्तुमान न धरताच त्वरण काढायला जातात. गुरुत्वाकर्षणात वस्तुमानाची दोन कामे असतात. पृथ्वी वस्तूला किती बलाने ओढणार हे वस्तुमानावर ठरते, आणि त्या बलाला वस्तू किती दाद देणार हेही वस्तुमानावरच ठरते. न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने भागाकार केला की वस्तुमान निघून जाते आणि सर्व वस्तूंना एकच त्वरण मिळते. १९७१ मध्ये अपोलो १५ मोहिमेतील डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडले, तेव्हा ते एकाच वेळी जमिनीवर पोहोचले ते यामुळेच. विद्युत बलात किती ओढले जायचे हे प्रभार ठरवतो आणि किती दाद द्यायची हे वस्तुमान ठरवते. ही दोन कामे दोन वेगळ्या राशींकडे असल्यामुळे भागाकारात काहीही निघून जात नाही. एकाच विद्युत क्षेत्रात इलेक्ट्रॉनला प्रोटॉनच्या सुमारे १८३६ पट त्वरण मिळते. दहावीच्या मुलांना एवढ्या खोलात नेण्याची गरज नाही, पण "जड वस्तू लवकर का पडत नाही" हा प्रश्न शिकवताना वस्तुमानाची ही दोन कामे शब्दांत सांगून ठेवली, तर पुढे अकरावीत आमचे काम फार हलके होते.

दुसरी गोष्ट इतिहासाची. मॅडमनी वर्गात काढलेल्या बलाएवढेच, म्हणजे एका न्यूटनच्या साठ-पासष्ट लाखाव्या भागाइतके बल हेन्री कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खरोखर मोजले होते. जॉन मिचेलने आखलेले ते उपकरण म्हणजे बारीक तारेला टांगलेला सुमारे १.८ मीटर लांबीचा आडवा दांडा होता. त्याच्या टोकांना पाऊण किलोग्रॅमच्या आसपास वस्तुमानाचे शिशाचे गोळे होते, आणि त्यांच्याजवळ प्रत्येकी सुमारे १५८ किलोग्रॅमचे मोठे गोळे आणले की तारेला किंचित पीळ बसत असे. माणसाच्या अंगाच्या उबेने हवेचा झोत निर्माण होऊन दांडा हलू नये म्हणून तो खोलीबाहेर थांबून दुर्बिणीतून वाचन घेत असे. पृथ्वीची घनता काढणे हा त्याचा हेतू होता, आणि ती पाण्याच्या साडेपाच पटींच्या जवळ आली. कूलोमनेही १७८५ मध्ये आपला नियम तारेला बसणाऱ्या पिळावरूनच सिद्ध केला होता. इतकेच नव्हे, तर विद्युत बलही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते हे कॅव्हेंडिशने १७७०च्या दशकातच, कूलोमच्या आधी, एकात एक बसवलेल्या धातूच्या गोलांच्या प्रयोगातून पडताळले होते. ते त्याने छापले नाही. मॅक्सवेलने त्याची टिपणे १८७९ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा जगाला कळले. दोन्ही बले एकाच माणसाच्या हातून तपासली गेली, ही गोष्ट मी दरवर्षी मुलांना सांगतो. सूत्रांमधले साम्य त्यानंतर त्यांच्या लक्षात राहते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांची ऋणी आहे. काल पहिल्याच तासाला वर्गाला सांगितले की मागच्या आठवड्यातील माझे उत्तर चुकले होते, आणि का चुकले तेही फळ्यावर मांडले. नंतर मुलांचे सहा गट केले. प्रत्येक गटाला एक पट्टी, एक लोकरी मोजा आणि अर्धा सेंटिमीटर बाजूचे कागदाचे चौकोनी तुकडे दिले, आणि पट्टी वरून हळूहळू खाली आणत पहिला तुकडा कोणत्या अंतरावर उडतो ते मोजायला सांगितले. बहुतेक गटांचे अंतर २ ते ३ सेंटिमीटर आले. ५ सेंटिमीटरच्या वर कोणाचाही तुकडा उडाला नाही. एका गटाने तुकडे दुहेरी घडी करून पुन्हा मोजले, म्हणजे वजन तेवढेच पण क्षेत्रफळ निम्मे, तेव्हा पट्टी आणखी खाली आणावी लागली. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिने वाळूच्या कणाचे गणित घरून करून आणण्याचे स्वतःहून मागून घेतले आहे. घातांकांची बेरीज-वजाबाकी तिला अजून नीट जमत नाही, म्हणून आज मधल्या सुट्टीत तिच्याबरोबर बसणार आहे.